ती सुई कुणाच्या घरची?



परवा एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं. तिच्या सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली आहे, की यापुढे कचरा चार भागांत वेगळा करून द्यावा. ती लिहिते, “ओटा पाच फुटांचा. त्याखाली सिलिंडर, तेलाचा डबा आणि कांदे-बटाट्यांची जाळी. चार डबे ठेवू कुठे, डोक्यावर?” पत्र वाचून मी मनापासून हसले, कारण आमच्या ओट्याखाली याहून वेगळं चित्र नाही. पण उत्तर लिहायला बसले आणि लक्षात आलं, की डब्यांचा हिशेब सांगायचा तर गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी घडलेली एक गोष्टही सांगावी लागेल. ती मी आजवर कुठे लिहिली नव्हती. लिहावीशी वाटत नव्हती, हे जास्त खरं.

आधी नियमाचं बघू. कचरा घरातच वेगळा करावा, हे काही आज निघालेलं खूळ नाही. अल्मित्रा पटेल नावाच्या बाई १९९६ साली शहरांच्या कचऱ्याचा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि पुढे २००० साली केंद्र सरकारने नागरी घनकचऱ्याचे नियम काढले. २०१६ साली ते बदलले. त्यात घरच्या कचऱ्याचे तीन भाग आले: ओला, सुका आणि घरगुती घातक. २०२६ च्या नव्या नियमांत, ज्यांचा अंमल १ एप्रिलपासून ठरला, चार भाग आहेत. ओला, सुका, सॅनिटरी आणि चौथा विशेष काळजीचा. या चौथ्यात रंगाचे रिकामे डबे, गेलेले बल्ब, पाऱ्याचे थर्मामीटर, मुदत संपलेली औषधं असल्या वस्तू येतात. त्या रोजच्या कचऱ्यात द्यायच्याच नाहीत. अधिकृत माणसं येऊन नेतील किंवा आपण नेमून दिलेल्या ठिकाणी नेऊन द्यायच्या. गावोगावची रीत थोडी वेगळी असते, म्हणून आपल्या नगरपालिकेचा कागद एकदा तरी नीट वाचावा. लाइट बिल नाही का आपण तिन्ही बाजूंनी वाचत!

पण चार म्हटल्याबरोबर घाबरू नका. रोजचा डबा खरं म्हणजे एकच, ओल्याचा. सुक्याला डबा कशाला हवा? दाराच्या मागे खिळ्याला अडकवलेली कापडी पिशवी पुरते. सॅनिटरी म्हणजे न्हाणीघरातली कागदाची पुडी. आणि चौथा भाग माळ्यावरच्या बुटांच्या खोक्यात मावतो, वर्षातून दोन-चारदाच खाली काढावा लागतो. त्यातली एक वस्तू मात्र अशी, की ती रोज निघते आणि ती खोक्यात टाकून चालत नाही. तीच माझी गोष्ट.

आम्ही पुण्यात राहतो. इथे बऱ्याच भागांत कोपऱ्यावरची कचराकुंडी गेली आणि दारावर येऊन कचरा नेणाऱ्या बाया आल्या. त्या पालिकेच्या नोकर नव्हेत, हे मलाही कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. कागद, काच, पत्रा वेचून पोट भरणाऱ्या या बायांची १९९३ साली पुण्यात संघटना झाली, ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. डॉ. बाबा आढाव त्या उभारणीत होते. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून पालिकेशी करार करून त्या घरोघरचा कचरा नेऊ लागल्या. महिन्याला आपण देतो ते पैसे त्यांचे, आणि सुक्या कचऱ्यातून जे विकलं जाईल तेही त्यांचं. म्हणजे सुका कचरा हा त्यांचा अर्धा पगार म्हणा ना! आपण त्यावर आमटी सांडून देतो, तेव्हा कुणाच्या पगारावर सांडतो ते आपल्याला दिसत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या मावशींना सहा वर्षं झाली होती. सकाळी साडेसातला बादली वाजायची. “ताई, कचराऽ” ही हाक आली की आमची धाकटी दूध संपवायची, इतकी ती घड्याळासारखी. पण त्या राहतात कुठे, घरी कोण कोण आहे, हे मी सहा वर्षांत विचारलं नव्हतं.

दिवाळीनंतर सासूबाईंना इन्सुलिन सुरू झालं. ही गोष्ट त्यांनी घराबाहेर कुणाला कळू दिली नव्हती. “सुई चालू झाली म्हणजे लोक माणसाला मोडीत काढतात गं,” असं त्या म्हणायच्या. सकाळ-संध्याकाळ सुई मीच द्यायची. दिली की टोपण लावायचं, टिश्यूत गुंडाळायची आणि सुक्याच्या पिशवीत खाली खोल दाबून टाकायची, शेजारच्यांना दिसू नये म्हणून. मी हे नीटनेटकं काम समजत होते.

आषाढातला एक दिवस. मी शाळेत निघायच्या तयारीत. (दुपारच्या शाळेत मराठी शिकवते, अर्धवेळ. त्या दिवशी पिशवीत सहावीचे निबंध होते, विषय ‘स्वच्छतेचे महत्त्व’. असो.) साडेदहाला बेल वाजली. मावशी परत आल्या होत्या. बादली नाही, डाव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी.

“ताई, सुई टोचली बघा. खाली सुकं वेगळं करताना. दवाखान्यातली डॉक्टरीण विचारती, कुणाची सुई हाय, त्यांना काय आजार हाय का. कळलं तर बरं म्हणती.”

रागावलेल्या नव्हत्या. खालून वर सगळ्या मजल्यांवर हेच विचारत आल्या होत्या. तीन मजल्यांचा सुका कचरा एकाच पोत्यात ओतलेला, तेव्हा सुई कुठल्या दारातून आली ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. मला होता.

मी म्हटलं, “बघते हं. विचारते सगळ्यांना.”

एवढंच बोलले मी! आत सासूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मनात आलं, आता साऱ्या बिल्डिंगला कळणार. त्यांना काय वाटेल? आणि बाहेर आम्हाला काय म्हणतील? मावशी वरच्या मजल्यावर गेल्या. मी चपला घातल्या आणि शाळेत गेले. दुपारी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी विचारणा टाकली. ‘आमच्याकडची नाही’, ‘आमच्याकडची नाही’, एकामागून एक बारा उत्तरं, शेवटी हात जोडलेलं चित्र. मी उत्तरच दिलं नाही. खोटं लिहिलं नाही म्हणून स्वतःला चांगलंही म्हणवून घेतलं.

तासाला एका मुलीचा निबंध वाचला. तिने लिहिलं होतं, ‘आमच्या घरी कचरा आई टाकते आणि मग तो जातो.’ लाल पेन हातात होतं, पण या वाक्यात चूक काढावी कुठली ते सुचेना.

संध्याकाळी सहाला घरी आले आणि सासूबाईंना सांगून टाकलं. म्हटलं, आता बोलणी खावी लागतील. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, सकाळपासून का नाही सांगितलंस? त्या बाईचा जीव टांगणीला लागला असेल. त्यांना माझं रक्त घेऊ दे की! माझ्यात काय कमी रक्त आहे?” माझं सात तासांचं ओझं त्यांनी सात मिनिटांतही बाळगलं नाही.

मावशींचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. तो वॉचमनकडे मिळाला. फोन लागला तेव्हा कळलं, की मोठ्या दवाखान्यात त्यांना एचआयव्हीला अटकाव करणाऱ्या गोळ्या सुरू केल्या होत्या. सुई कुणाची ते माहीत नसेल, तर डॉक्टर धोका अजमावून अशा गोळ्या देतात. त्या जितक्या लवकर सुरू कराव्यात तितक्या चांगल्या, ७२ तासांच्या आत तर हव्यातच, आणि चालवायच्या २८ दिवस. पहिल्याच गोळीने त्यांना उलट्या होत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी रिक्षाने दवाखान्यात गेलो. सासूबाईंनी सही केली, बाही वर सारली. रिपोर्ट चांगले आले. मावशींच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंच होतं, काविळीच्या, म्हणजे हेपटायटिस बीच्या लशीची तारीख दिली.

मी तोंड उघडलं नसतं, तर त्या बाईने २८ दिवस ओकाऱ्या काढत घरोघरचा कचरा उचलला असता, किंवा उचलला नसता आणि घरात चूल पेटली नसती. आणि साडेदहालाच उघडलं असतं, तर कदाचित पहिली गोळीही टळली असती.

बुडालेल्या दोन दिवसांचे पैसे मी दिले. मावशींनी मोजून घेतले. मी मनात धरून होते, की त्या “नको ताई” म्हणतील. का म्हणाव्यात?

परतताना रिक्षात सासूबाई त्यांना आपल्या इन्सुलिनचं सगळं सांगत होत्या, किती घेते, कधी घेते, गोड किती सोडलं. मावशींच्या वडिलांनाही साखर होती म्हणे. ज्या गोष्टीसाठी मी तोंड शिवून बसले होते, ती या दोघींची पाच मिनिटांत गप्पांची गोष्ट झाली.

आता आमच्याकडची आजची रीत सांगते. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी एवढं तरी वाचावंच. सुई दिली की टोपण पुन्हा बसवायच्या फंदात पडू नका, त्यात आपल्याच बोटाला टोचते. सरळ जाड प्लॅस्टिकच्या, झाकण फिरवून घट्ट बसणाऱ्या बरणीत टाका. कपड्यांच्या लिक्विड साबणाची रिकामी बाटली छान चालते. पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार येते. काचेची नको, फुटते. पाऊण भरली की झाकण लावून वर चिकटपट्टी फिरवा आणि ठळक अक्षरात लिहा: ‘सुया. उघडू नये.’ रक्तातली साखर बघायला बोटाला टोचतो ती बारीक सुईसुद्धा याच बाटलीत. मग ही बाटली रोजच्या कचऱ्यात द्यायची नाही. तपासणीला जातो त्या दवाखान्यात आधी विचारून तिथे द्यायची. त्यांच्याकडे सुयांची वेगळी सोय असते. आमच्या डॉक्टरांनी “आणा, घेतो” असं म्हटलं. तुमच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं, तर नगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारा, पण विचारा. २०१६ च्या नियमांतही घरच्या वापरलेल्या सुया घातक कचऱ्यात नाव घेऊन सांगितल्या होत्या. मला वाचायला दहा वर्षं लागली.

आणि देव न करो, कुणाला सुई लागलीच, मग ती आपल्याला असो की कचरा नेणाऱ्या बाईला, तर अंगठा पिळत किंवा तोंडात धरत बसू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शक्य असेल तर सुई कुणाची ते सांगायला त्या घरचं माणूस सोबत असावं.

काचेचंही तसंच. आमच्या लहानपणी बांगडी फुटली, की आई जमिनीला डोळे लावून एकेक तुकडा वेचायची, कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून. ते ‘कुणाच्या’ म्हणजे आमच्या, घरातल्यांच्या. उंबऱ्याबाहेर गेलेली काच मग कुणाची नसे. आता फुटलेला ग्लास मी वर्तमानपत्राच्या पाच-सहा घड्यांत गुंडाळते, जुन्या खोक्यात घालते, वर ‘काच’ लिहिते आणि पिशवीत न टाकता मावशींच्या हातात देते. “जपून हं, काच आहे,” असं तोंडाने सांगते. अजून एकदाही त्यांनी कंटाळा केला नाही.

न्हाणीघरातल्या पुडीचं सांगायला आमच्या पिढीलाही जरा जड जातं, पण सांगते. औषधाच्या दुकानात पॅड काळ्या पिशवीत मिळतात, आणि काळ्या पिशवीतूनच ते बाहेर जात. पिशवीत काय आहे ते वेगळं करणाऱ्या बाईला उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून पुण्यात या बायांनीच एक मागणी केली: वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. लाल ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही, बाजूला ठेवायची. बाळाचे डायपरसुद्धा असेच. माझी मोठी बारा वर्षांची आहे. तिला या वर्षी हे शिकवायची वेळ आली. सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. “ठिपका काढून जगाला सांगायचं का आता?” मोठी म्हणाली, “आजी, जगाला नाही, फक्त मावशींना.” न्हाणीघरात आता दोरीला लाल स्केचपेन बांधलेलं आहे. आमच्या ह्यांना पहिल्या दिवशी ते कशासाठी आहे ते कळलंच नाही. त्यांनी त्याने गॅसच्या नंबराची चिठ्ठी लिहिली.

राहिला ओला आणि सुका. ओल्यात भाजीची देठं, चहाचा चोथा, उष्टं, अंड्याची टरफलं, निर्माल्य. निर्माल्यातला दोरा आणि चमकीची पट्टी आधी काढायची बरं का, ती कुजत नाही. प्लॅस्टिकची पिशवी डब्यात अंथरू नका, वर्तमानपत्राचा कागद अंथरला की डबा धुवायला सोपा जातो. ज्यांना गच्चीत किंवा खिडकीत जागा आहे त्यांनी कुंडीत खत करून बघावं. त्याचं सविस्तर पुन्हा कधीतरी, कारण त्यात माझ्या दोन कुंड्या आधी अळ्यांनी भरल्या, आणि ती कथा जेवायच्या वेळी वाचण्यासारखी नाही.

सुक्यात एकच गुरुकिल्ली, कोरडं असावं. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो चिमुकला तुकडा गटारात जातो आणि कुणाच्याच हाती लागत नाही. रिकामी पिशवी दोन घोट पाण्याने विसळली, ते पाणी आमटीत किंवा कुंडीत घातलं, आणि पिशवी चिमट्याला लावून वाळवली, की वास नाही आणि भंगाराला किंमत. वेफर्सची चकचकीत पाकिटं मात्र आपण कितीही पुसली तरी त्यांना फारसं कुणी विचारत नाही. मावशी ती नुसती वाहून नेतात, पदरात जवळजवळ काही पडत नाही. हे कळल्यापासून आमच्याकडे पाकिटं कमी येतात असं लिहिणार होते, पण धाकटी शेजारी बसून वाचते आहे, म्हणून खरं लिहिते. थोडीशी कमी येतात.

सासूबाईंची सुयांची बाटली फ्रिजच्या वर असते. पहिल्या बाटलीवर मी लिहिलं होतं. दुसरी भरत आली तेव्हा त्यांनी चष्मा लावून स्वतःच कागद लिहून चिकटवला. त्यावर ‘सुया’ आहे, त्याखाली ‘मधुमेह, दुसरा आजार नाही’ आहे, आणि त्याखाली त्यांचं पूर्ण नाव. मी म्हटलं, “आई, नावाची गरज नाही हो.” तर म्हणाल्या, “असू दे. परत कुणाला जिने चढत विचारत फिरायला नको.”

नारळाच्या करवंट्यांचं काय करायचं, हा प्रश्न मात्र आमच्या सोसायटीत अजून सुटलेला नाही. कुजतात खऱ्या, पण खताच्या खड्ड्यात महिनोन्महिने तशाच पडून राहतात, आणि जळणाला आता चूल नाही. तुमच्याकडे काय करतात ते जरूर लिहून कळवा.